जमालुद्दीन अफगाणींचा डास

१८८० चा डिसेंबर महिना. हैदराबादच्या मदरसा-ए-आइझ्झात गणित शिकवणाऱ्या मुहम्मद वासिल यांनी शहरात मुक्कामी असलेल्या एका पाहुण्याला पत्र लिहिलं. हिंदुस्थानात जिकडे पाहावं तिकडे सध्या ‘नेचर, नेचर’ ऐकू येतं, गावोगावी ‘नेचरी’ म्हणवणारे लोक, विशेषतः मुसलमान, वाढत चालले आहेत. हे नेचरी म्हणजे नेमके कोण आणि त्यांचा मार्ग धर्माच्या आड येतो का, असा त्यांचा सवाल होता.

पाहुणे होते सय्यद जमालुद्दीन अफगाणी. वर्षभरापूर्वीच त्यांना इजिप्तमधून हद्दपार करण्यात आलं होतं. नावात अफगाण असलं तरी जन्म इराणातल्या हमदानजवळच्या असदाबादचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. साम्राज्यवादाविरुद्ध मुस्लिम जगाला उभं करू पाहणारा हा माणूस पुढे पॅरिस, लंडन, तेहरान, इस्तंबूल असा फिरत राहिला. पण आपल्या विषयासाठी त्याचा महत्त्वाचा मुक्काम हैदराबादचाच. वासिल यांच्या पत्राला उत्तर म्हणून त्यांनी फारसीत एक पुस्तिका लिहिली आणि ती १८८१ साली छापली गेली. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. म्हणजे मराठवाड्यातल्या आपल्या पणजोबांच्या राजधानीतच आधुनिक मुस्लिम जगातला डार्विनविरोधी पहिला गाजलेला ग्रंथ लिहिला गेला.

पुस्तिकेचा खरा रोख सर सय्यद अहमद खान यांच्यावर होता. इंग्रजांशी जुळवून घेणारे, धर्माचा अर्थ निसर्गनियमांशी जोडू पाहणारे सर सय्यद अफगाणींना मुळीच मान्य नव्हते. सर सय्यद यांना झोडपताना त्यांनी ग्रीसपासून फ्रान्सपर्यंतच्या सगळ्या निसर्गवाद्यांना एका रांगेत उभं केलं आणि त्या रांगेत डार्विनही सापडला. डार्विनवर फार तर दोन-तीन पानं असतील. पण सव्वाशे-दीडशे वर्षं मुस्लिम समाजात डार्विनवर जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं त्या पानांत आधीच आलेलं आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा आला, की वर्गातून जे प्रश्न येतात ते बहुतेक अफगाणींचेच असतात. विचारणाऱ्या मुलांनी त्यांचं नावही ऐकलेलं नसतं. म्हणून ते आक्षेप एकदा नीट पाहावेत असं वाटतं.

पहिला आक्षेप थट्टेचा. या गृहस्थाचं खरं मानलं, तर काही शतकांनी डासाचा हत्ती होईल आणि हत्तीचा हळूहळू डास होईल, असं ते म्हणतात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एका ठिकाणचे लोक कुत्र्यांची शेपटं पिढ्यान्‌पिढ्या छाटत आले आणि शेवटी कुत्री बिनशेपटीची जन्मू लागली, असं डार्विन सांगतो असं अफगाणींच्या कानावर आलं होतं. त्यावर ते विचारतात, अरब आणि यहुदी हजारो वर्षं मुलांची सुंता करत आले आहेत, मग एकही मूल सुंता झालेलं का जन्मत नाही? तिसरा आक्षेप हिंदुस्थानातल्या जंगलांचा. झाडांची मुळं एकाच मातीत, फांद्या एकाच हवेत, पाणी एकच. तरी प्रत्येकाची पानं, फुलं, उंची, आयुष्य वेगळं कसं? चौथा त्याच जातीचा, फक्त झाडांच्या जागी अरल आणि कॅस्पियन समुद्रातले मासे.

सुंतेचा आक्षेप मला अतिशय आवडतो, कारण तो बरोबर आहे. फक्त चुकीच्या दारावर ठोठावलेला आहे. आईबापांनी आयुष्यात कमावलेला बदल मुलांत उतरतो ही कल्पना फ्रान्सच्या लामार्कच्या नावाने ओळखली जाते. डार्विनच्या सिद्धांताचा कणा वेगळा आहे. एकाच आईबापांची पोरं सारखी नसतात. हे फरक काही अंशी वंशाने पुढे जातात. आणि जिथे सगळेच जगणार नाहीत, तिथे ज्याचा फरक कामाचा त्याची पोरं जास्त उरतात. हीच नैसर्गिक निवड. शेपूट छाटण्याचा इथे काही संबंध नाही.

गंमत अशी, की सुंतेचा हाच दाखला डार्विनने स्वतः १८६८ च्या आपल्या ग्रंथात तपासला होता. पाळीव प्राणी आणि वनस्पतींवरच्या त्या ग्रंथात त्याने यहुदी डॉक्टरांकडे चौकशी केल्याची नोंद आहे. त्यांनी वंशावर काही परिणाम होत नाही असंच सांगितलं होतं. म्हणजे अफगाणींचा प्रश्न डार्विनला तेरा वर्षं आधी पडलेला होता. अफगाणींनी डार्विन मुळातून वाचला असण्याची शक्यता फार कमी. त्यांच्यापर्यंत तो ऐकीव रूपात पोहोचला होता. आणि त्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत फ्रायबुर्गला ऑगस्ट वाइजमान यांनी पांढऱ्या उंदरांची शेपटं पिढ्यामागून पिढ्या छाटून पाहिली. एकही पिल्लू बिनशेपटीचं जन्मलं नाही. वाइजमान हे त्या काळातले डार्विनचे सर्वांत कडवे समर्थक. अफगाणी ज्या युक्तिवादाने डार्विनला पाडू पाहत होते, त्याच युक्तिवादाने वाइजमान त्याला लामार्कच्या ओझ्यातून सोडवत होते.

डार्विनची बाजू तेव्हा लंगडी नव्हती असं मात्र नाही. फरक येतात कुठून आणि पुढे जातात कसे, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्या काळची समजूत अशी, की आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावं तसे मुलांत मिसळतात. तसं असेल तर चांगला फरक चार पिढ्यांत पातळ होऊन संपेल, हा आक्षेप १८६७ साली स्कॉटलंडच्या फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने घेतला होता. तो डार्विनला चांगलाच झोंबला. उत्तर खरं तर छापलेलं होतं. ब्रनोच्या मठातल्या मेंडेलने वाटाण्यांवरून दाखवलं होतं की गुण मिसळत नाहीत, सुट्या दाण्यांसारखे अखंड पुढे जातात. पण १८६६ चा तो निबंध १९०० पर्यंत धूळ खात पडला. १८८१ साली हैदराबादेत बसून कुणी डार्विनवर शंका घेतली, तर त्याला मी अडाणी म्हणणार नाही.

अफगाणींची पुस्तिका पुढे त्यांचे शिष्य मुहम्मद अब्दुह यांनी बैरूतमध्ये अरबीत आणली आणि तिचा बोलबाला झाला. पण त्याच बैरूतमध्ये १८८२ साली डार्विनचं कौतुक केलं म्हणून ज्या प्राध्यापकाला राजीनामा द्यावा लागला, ते एडविन लुईस अमेरिकन मिशनऱ्यांच्या कॉलेजात शिकवत होते. तिथे मुल्ला-मौलवींचा काही संबंध नव्हता. विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी संपही केला. ‘उत्क्रांतीला विरोध म्हणजे मुसलमानांचा हट्ट’ असं सहज म्हणणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

आणि मुस्लिम आलिमांचं एकच मत होतं असंही नाही. तराबुलसचे शेख हुसैन अल्-जिस्र यांनी १८८८ साली ‘रिसाला हमीदिया’ लिहिली. डार्विनचा पुरावा त्यांना पुरेसा वाटत नव्हता. पण पुरावा निर्णायक ठरला, तर आयतींची तावील करता येईल आणि सृष्टी एकदम घडली किंवा टप्प्याटप्प्याने, घडवणारा अल्लाहच राहतो, ही त्यांची भूमिका. या ग्रंथासाठी सुलतान अब्दुलहमीदने त्यांचा सन्मान केला. काहिरात इस्माईल मझहर यांनी १९१८ साली डार्विनच्या मूळ ग्रंथाची पहिली पाच प्रकरणं अरबीत आणली. खुद्द अफगाणीही १८८१ च्या जागी थांबले नाहीत. इस्तंबूलमधल्या अखेरच्या वर्षांतल्या त्यांच्या गप्पा मुहम्मद अल्-मखझूमी यांनी नोंदवल्या. त्यात नैसर्गिक निवडीला त्यांचा पूर्वीसारखा विरोध दिसत नाही. जीव पहिल्यांदा कुठून आला, एवढ्यावर ते अडून राहतात. उरलेल्याबद्दल म्हणतात, हे तर अरबांना आधीच ठाऊक होतं.

हे ‘आधीच ठाऊक होतं’ प्रकरण हल्ली फार वाढलं आहे. बसऱ्याच्या अल्-जाहिझने डार्विनच्या हजार वर्षं आधी नैसर्गिक निवड शोधली, असे संदेश महिन्यातून एकदा तरी माझ्या फोनवर येतात. नवव्या शतकातल्या अल्-जाहिझचा ‘किताब अल्-हयवान’ विलक्षण ग्रंथ आहे. कोण कुणाला खातं, कोण कसा लपतो, परिसराचा प्राण्यांवर काय परिणाम होतो, हे त्यात रंगवून सांगितलंय. पण लहान फरक वंशाने साठत जाऊन नवी जात तयार होते, ही साखळी त्यात नाही. जे अल्-जाहिझने केलं ते भरपूर आहे. न केलेलं त्याच्या खात्यावर घालून त्याचा मान वाढत नाही. विमानं आमच्या ग्रंथांत होती असं इतर कुणी म्हटलं की आपण हसतो, हेही आठवावं.

अफगाणींचा तो थट्टेतला डास मात्र पुढे भलत्याच दिशेने उडाला. ९ मार्च १८९७ ला इस्तंबूलमध्ये अफगाणी वारले. त्याच वर्षी २० ऑगस्टला हैदराबादला लागूनच असलेल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या इंग्रज लष्करी डॉक्टरला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. ते डास ज्याच्या रक्तावर पोसले होते, त्या रुग्णाचं नाव हुसैन खान. एका डासाला चावू देण्याचा मोबदला एक आणा. रॉसला नोबेल मिळालं, हुसैन खानला आणे.

डासाचा हत्ती झाला नाही. पण डासाने माणसाला बदललं, आणि तो बदल आज आपण एकेका अक्षरापर्यंत वाचू शकतो.

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने वेस्ट इंडीजमधून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्ताचं वर्णन छापलं. त्याच्या तांबड्या पेशी गोल नव्हत्या, कोयत्यासारख्या वाकड्या होत्या. विदर्भात आणि खानदेशात ज्याला आपण सिकलसेल म्हणतो तो हा आजार. पेशी वाकड्या झाल्या की बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडं, सांधे, पोट असह्य दुखतं. मूल अशक्त राहतं, वारंवार आजारी पडतं. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन सिकल जनुकं आली की हा आजार होतो. आपल्याकडे त्याला ‘एसएस’ म्हणतात. एकच आलं तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. दोन्ही जनुकं चांगली असली तर ‘एए’.

इथे एक कोडं होतं. एसएस मुलं पूर्वी लहानपणीच दगावत. म्हणजे प्रत्येक पिढीत सिकलची जनुकं मातीत जात होती. मग आफ्रिकेत काही ठिकाणी शंभरातले वीसहून अधिक लोक वाहक कसे? नैसर्गिक निवड खरी असेल, तर असलं घातक जनुक कधीच धुऊन जायला हवं होतं.

मलेरियाच्या मुलखात रक्ताचे असे आजार जास्त आढळतात ते उगाच नाही, हा अंदाज १९४९ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी थॅलेसेमियाच्या संदर्भात मांडला. हे हॉल्डेन पुढे इंग्लंड सोडून भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. सिकलसेलबाबतचा पुरावा दिला केनियात वाढलेल्या अँथनी ॲलिसन यांनी. किनाऱ्याला आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, म्हणजे मलेरियाच्या पट्ट्यात, वाहक पुष्कळ. उंच, थंड, डास नसलेल्या डोंगराळ भागात जवळपास नाहीत. मग त्यांनी लुओ जमातीच्या तीस स्वयंसेवकांना मलेरियाची लागण करून पाहिली. पंधरा एए लोकांपैकी चौदा जणांच्या रक्तात जंतू वाढले. पंधरा वाहकांपैकी फक्त दोघांच्या. हे १९५४ साली प्रसिद्ध झालं. असा प्रयोग आज कुठलीही समिती करू देणार नाही आणि ते योग्यच आहे. वसाहतीतल्या काळ्या माणसांच्या अंगावर तो झाला हे विसरायचं कारण नाही. पण त्यातून कळलेली गोष्ट खरी आहे. वाहकाच्या तांबड्या पेशीत मलेरियाचा जंतू नीट पोसला जात नाही. जंतू शिरलेली पेशी लवकर वाकडी होते आणि प्लीहा तिला गाळून टाकते.

आता हिशेब मांडू. एखाद्या वस्तीत दर दहा जनुकांमागे एक सिकलचं आहे. तर शंभर बाळांत ८१ एए, १८ एएस आणि एक एसएस निघेल. एसएस बाळ वंश पुढे नेण्याआधीच गेलं असं धरू. तरी सिकलचं प्रमाण तेवढंच टिकायचं, तर १०० एएस मुलं मोठी होतात तिथे एए मुलं साधारण ८९ च मोठी व्हायला हवीत. म्हणजे मलेरियाने शंभरामागे अकरा मुलं जास्त नेली, तर एका एसएस बाळाचा मृत्यू या जनुकाला पुसू शकत नाही. गाळलेल्या आफ्रिकी गावांत मलेरिया लहान मुलांचा काय बळी घेत असे हे ज्याने वाचलंय, त्याला हा आकडा अतिशयोक्त वाटणार नाही. निवड इथे कुणाचं भलं चिंतत नाही. एका भावाला तापातून वाचवणारी तीच चीज दुसऱ्या भावाचा जीव घेते. जमाखर्च फक्त वस्तीच्या पातळीवर जुळतो. आईच्या पदरात तो जुळत नाही.

हा फरक नेमका कशात आहे, ते त्याच सुमारास रेणूंच्या पातळीवर उलगडलं. अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं की सिकल रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकतं आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन सापडतं. मेंडेलचे सुटे दाणे इथे डोळ्यांनी दिसले. दूध-पाण्याची समजूत संपली. केंब्रिजमध्ये नाझी जर्मनीतून लहानपणी निसटलेल्या व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ मध्ये हिमोग्लोबिनचे तुकडे करून ते कागदावर पसरले. सगळे ठिपके जुळले, एक सोडून. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ कड्या असतात. त्यातली सहावी बदललेली होती: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. डीएनएच्या भाषेत बोलायचं तर ‘ए’ च्या जागी ‘टी’ पडला. एक अक्षर.

आता अफगाणींच्या जंगलाकडे या. माती एक, पाणी एक, तरी झाडं वेगळी कशी? उत्तर असं, की झाड मातीतून आकार घेत नाही, बीजातून घेतं. बीजातली अक्षरं नक्कल होताना कधीमधी चुकतात, आणि कोणती चूक टिकेल हे ठरवण्यात माती, पाणी, डास यांचा हात असतो. त्यातून एका मातीत जगण्याच्याही शंभर तऱ्हा असतात: एक झाड उंच जाऊन ऊन पकडतं, दुसरं सावलीतच भागवतं. एकाच गावात, एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या दोन भावांत एक एएस आणि दुसरा एए असतो, तसंच हे. अफगाणींचा प्रश्न नेमका होता. उत्तर त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आलं.

पण वर्गातला खरा प्रश्न अजून बाकी आहे. ‘सर, एक अक्षर बदललं ते मान्य. पण माणूस आणि माकड एका घराण्यातले कशावरून?’

हस्तलिखितं तपासणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. दोन प्रतींत मजकूर बरोबर आणि सारखा असेल, तर त्यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. पण दोन्ही प्रतींत त्याच ओळीत तीच चूक असेल, तर त्या एकाच मूळ चुकीच्या प्रतीवरून उतरलेल्या असणार. परीक्षेत कॉपी पकडणाऱ्या मास्तरलाही हे ठाऊक असतं. इब्न खलदूनच्या ‘मुकद्दिमा’चंच घ्या. १३७७ सालच्या या ग्रंथात तो खनिजं, वनस्पती, प्राणी अशी चढती साखळी सांगतो आणि माणसाच्या आधीच्या पायरीवर ‘किरदा’, म्हणजे माकडांचं जग ठेवतो. काही छापील आवृत्त्यांत या शब्दातली दोन अक्षरं उलटीपालटी होऊन ‘कुदरा’, म्हणजे सामर्थ्य, असं पडलं. अशी ‘कुदरा’वाली पुस्तकं एकमेकांची नातलग आहेत हे सांगायला छापखान्याचा दाखला लागत नाही.

सिकलचं ते अक्षर जिथे बदललं, त्याच अकराव्या गुणसूत्रावर, त्याच जनुकांच्या रांगेत, एक बंद पडलेलं जनुक आहे. कधीकाळी हिमोग्लोबिनची साखळी बनवणाऱ्या जनुकाची ती प्रत. आता ती साखळी बनवू शकत नाही, कारण तिच्यात मोक्याच्या जागी अक्षरं बिघडलेली आहेत. १९८४ साली माणूस, चिंपांझी आणि गोरिला या तिघांतली ही प्रत अक्षर-अक्षर वाचली गेली. तिघांतही ती त्याच जागी आहे आणि तिला निकामी करणारे बिघाडही तेच आहेत. या तुकड्याला शेजारच्या जनुकांचं नियंत्रण करण्याचं काही काम असावं, असं अलीकडे दिसू लागलं आहे. असेलही. पडक्या वाड्याच्या भिंतीला टेकून कुणी टपरी टाकली, तरी तो वाडाच होता हे बदलत नाही. तिन्ही ठिकाणी वाडा एकाच कोपऱ्यात, एकाच तऱ्हेने पडला आहे.

दुसरा दाखला घरातला. शेळीला लिंबू-आवळा खायला द्यावा लागत नाही, कारण ती क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवते. आपण बनवू शकत नाही. बनवणाऱ्या जनुकाची मोडकी प्रत मात्र आपल्या आठव्या गुणसूत्रावर पडून आहे. चिंपांझी आणि इतर मोठ्या वानरांतही ती मोडकीच आहे. गिनीपिगलाही हे जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याची प्रत वेगळ्या जागी मोडलेली आहे. वेगळा कातिब, वेगळी चूक. प्रत्येक जीव स्वतंत्र घडवला असं मानणाऱ्याला ‘सारख्या कामासाठी सारखी रचना’ असं म्हणता येतं आणि ते ऐकायला वाजवी आहे. पण सारख्या मोडतोडीला ते स्पष्टीकरण पुरत नाही. २००५ साली चिंपांझीचा पूर्ण जीनोम वाचून झाला. आपल्याशी जोडून पाहता येणाऱ्या भागात अक्षरांचा फरक शंभरात सव्वाच्या आसपास निघाला.

यातून कुणाचा ईमान जातो किंवा राहतो, हे सांगणं माझं काम नाही. अल्-जिस्र यांनी ‘पुरावा निर्णायक ठरला तर’ असं म्हटलं होतं. माझ्या मते तो ठरला आहे, आणि पुढचं काम त्यांनीच सांगून ठेवलं आहे. अफगाणींचं नाव घेऊन जे आजही विरोध करतात, त्यांनी निदान अखेरचे अफगाणी वाचावेत.

मला जास्त घाई वेगळ्या गोष्टीची आहे. भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीतल्या आदिवासींत आणि आसामच्या मळ्यांतल्या मजुरांत. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातले वाहक नोंदवले. आज गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाजांत तो पसरलेला आहे. ‘त्यांचं रक्तच खराब’ असं म्हणणारे सुशिक्षित मला भेटले आहेत. आता गंमत पाहा. १९८० च्या दशकात सौदीच्या पूर्व भागातल्या आणि ओडिशातल्या रुग्णांचा डीएनए वाचला गेला. सिकलच्या अक्षराभोवतीची अक्षरंही दोघांत सारखी निघाली, आफ्रिकेतल्या प्रकारांपेक्षा वेगळी. या प्रकाराला अरब-भारतीय प्रकार म्हणतात आणि विदर्भातल्या रुग्णांतही मुख्यतः तोच आढळतो. सौदीच्या पूर्वेकडचे कतीफ आणि अल्-अहसा म्हणजे झऱ्यांची, खजुरीच्या बागांची ठिकाणं, म्हणून डासांचीही. हा प्रकार आफ्रिकेपासून पूर्ण स्वतंत्रपणे उगवला असं बराच काळ मानलं गेलं. २०१८ साली डॅनियल श्रायनर आणि चार्ल्स रोटिमी यांनी पूर्ण जीनोम तपासून सगळ्या सिकलचं मूळ सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीच्या एकाच बदलात असल्याचं मांडलं. त्यावर वाद चालू आहे. काहीही ठरलं, तरी अल्-अहसाच्या शेखाच्या आणि गडचिरोलीच्या गोंडाच्या रक्तातलं ते पान एकाच प्रतीवरून उतरलेलं आहे.

सौदी सरकारने २००४ पासून निकाहाआधी वर आणि वधू दोघांचीही सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची केली. निकाल काहीही आला तरी निकाह रोखला जात नाही. जोडप्याला धोका समजावून सांगितला जातो. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक. आपल्यात चुलत-मामे नात्यांत निकाह होतात. तिथे तर दोन्हीकडे एकाच आजोबांकडून आलेलं तेच जनुक असण्याचा संभव वाढतो. मेमन, कच्छी घराण्यांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात, त्यांनाही हेच लागू. विदर्भात सरकारी दवाखान्यात आधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली की खात्रीसाठी बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रोफोरेसिस करतात, म्हणजे पॉलिंग यांनी १९४९ साली वापरली त्याच जातीची पद्धत. तपासणीला पैसे पडत नाहीत आणि अहवालात फक्त दोन अक्षरं असतात.